पॅलेटवाल्या सिस्टर

रेहाना सिस्टर पहिल्यांदा आमच्या काल्हेरच्या घरी आल्या तेव्हा ओट्यावर चपलांचा ढीग पडला होता. त्यांनी स्कूटर लावली, हेल्मेट काढलं, त्या ढिगाकडे एकदा पाहिलं आणि दारात उभ्या असलेल्या मला विचारलं, "कुणाचं लग्न आहे का, दादा?"

लग्न नव्हतं. म्हणजे होतं, पण वैशाखात, आणि हा चालला होता कार्तिक. जमलेली मंडळी माझ्या बाबांना शेवटचं भेटायला आली होती आणि त्या सगळ्यांना बोलावलं होतं मी.

यात डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांनी बिचाऱ्यांनी खुर्ची जवळ ओढून नीट सांगितलं होतं, की बाबांच्या फुप्फुसातला कॅन्सर मणक्यात उतरलाय, औषधानं तो आता मागे हटणार नाही, त्यांना घरीच ठेवा, दुखणं आणि त्रास कमी करणारी टीम घरी येत जाईल. या सगळ्यातलं मला दोनच शब्द ऐकू आले. घरी ठेवा. आमच्याकडे दवाखान्यानं घरी पाठवलं की त्याचा अर्थ चार दिवस. गाडीत बसल्या बसल्याच मी पाहुण्यांना फोन लावायला सुरुवात केली. घरातला मोठा मुलगा म्हणून माझ्या अंगात जे काही गुण आहेत त्यात फोन लवकर करणं हा पहिला, आणि बायकोच्या मते शेवटचा.

त्या टीमच्या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी पोचेपर्यंत त्याचं पॅलेट केअर झालं. नामाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, यांनी आळीत बातमी फिरवली, "उद्या पॅलेटवाले येनार हान." काल्हेरमध्ये दुसरं काय होणार? आमच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली त्याला आता वीसेक वर्षं झाली. आमची पोरं आई-बाबाच्या पाठोपाठ कंटेनर, फोर्कलिफ्ट आणि पॅलेट हेच शब्द शिकतात. शेजारच्या म्हातारीला तर वाटलं, गोदामात मालाखाली घालतात तसल्या लाकडी फळ्या येणार आणि बाबांना त्यावर ठेवणार. ती चौकशी करून गेली, "काटं तरी तासून घ्या रं."

तर अशा घरात सिस्टर आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, डोक्यावर फिक्या रंगाची ओढणी, त्यावर पांढरा कोट. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या कोकणी मुसलमान घरातल्या. वडील लूमवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. आवाज असा, की सिस्टर कुजबुजल्या तरी मागच्या दारी ऐकू जावं. "मागांच्या गल्लीत वाढले, दादा," त्या म्हणायच्या. "तिथे हळू बोलणाऱ्याला भाजीसुद्धा वाढली जात नाही."

आल्या आल्या त्यांनी मोरी विचारली आणि कोपरापर्यंत हात धुतले. नातेवाईक बोलायला पुढे सरसावले तर ओले हात वर करून म्हणाल्या, "आधी हात, मग बात." हे त्यांचं दर वेळचं. मग त्या बाबांच्या खोलीत गेल्या. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सगळे बाबांकडे बघत होते आणि बाबा छताकडे. सिस्टरांनी विचारलं, "बाबा, यातलं कोण कोण हवंय तुम्हाला?"

असं आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नाही. बाबांनी मान वळवून सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही," ते म्हणाले. म्हणजे आई. "आन प्राजू." म्हणजे माझी मुलगी. बस्स. मी पलंगाच्या पायाशी हात बांधून चांगला ठळक दिसेन असा उभा होतो. सिस्टर वळून म्हणाल्या, "चला, बाकीच्यांनी चहा घ्या." पुतण्यांबरोबर आणि मेहुण्यांबरोबर मीही चहाला गेलो.

दारातून दिसत होतं तेवढं मी पाहिलं. पाव तास तरी त्यांनी बॅग उघडली नाही. खाडीत निवट्या अजून मिळतात का, त्या चिखलातून कशा धरायच्या, रश्श्यात कोकम घालायचं की चिंच, असलं बोलणं चाललं होतं. मला वाटलं, बाई टाइमपास करतेय. नंतर कळलं, निवटी कशी धरायची ते दाखवायला बाबांनी हात पुढे केला तेव्हा तो कुठे अडला, चेहरा कुठल्या क्षणी आवळला, हे सगळं त्या बघत होत्या. बाबांना "कुठे दुखतं?" विचारलं तर ते आयुष्यभर "कुठं न्हाय" एवढंच सांगत आले होते.

निघताना मी त्यांना फाटकाशी गाठलं आणि तो प्रश्न विचारला.

"सिस्टर, किती दिवस?"

"बाबांना संडासला कधी झाली शेवटची?" त्यांनी विचारलं.

मी गडबडलो. "चार... चार दिवस झाले असतील."

"मग आधी त्याचं बघू." आणि स्कूटर चालू.

मला तो आकडा खरंच हवा होता. प्राजूचं लग्न ठरलं होतं वैशाखातलं. आमच्या भावकीत घरातला वडीलधारा गेला की वर्षभर दारात मंडप पडत नाही. पलीकडची माणसं वर्षभर थांबतील की नाही, सांगता येत नव्हतं. नामाकाका रोज सकाळी येऊन विचारायचे, "जन्या, पॅलेटवाली काय बोलली? तारीख अलीकडं घ्यायची का?" अलीकडे घ्यावी तर बाबांना कळणार की आपण मरणार म्हणून घाई चाललीय. त्यांना तर आम्ही सांगितलं होतं, पाठीत वात धरलाय. न घ्यावी आणि मध्येच काही झालं, तर नातीची हळद बघायची त्यांची एवढी हौस, तीही जायची आणि लग्नही.

म्हणून मी तो प्रश्न वेष बदलून विचारत राहिलो. "सिस्टर, ही हवेची गादी भाड्यानं आणतोय. महिन्याच्या बोलीवर आणू की आठवड्याच्या?" त्या म्हणाल्या, "पंक्चर नाही ना, ते बघून आणा." पुढच्या फेरीला म्हणालो, "माझी मावशी सुरतेहून येणार म्हणते. आता येऊ दे की उन्हाळ्यात?" त्या म्हणाल्या, "मावशीला उन्हाळा सोसतो का?" नामाकाकांनी तर थेट हात जोडले. त्यांना सिस्टरांनी कापसाचे बोळे हातात दिले आणि बाबांचे ओठ आणि तोंड ओलं कसं ठेवायचं ते शिकवलं. तेव्हापासून काका दर दोन तासांनी ड्युटीवर. तारखेचं विचारायला त्यांना वेळच उरला नाही.

मग गोळ्यांचं प्रकरण झालं. सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून मॉर्फिन सुरू केलं होतं. चार-चार तासांनी एक गोळी. मी मोबाइलवर वाचलं, हे अफूपासून बनतं. पुढचं वाचलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाबा व्यसनी झालेले दिसायला लागले. घरात जबाबदार माणूस मीच, म्हणून कुणाला न सांगता मी सुरीनं गोळीचे दोन तुकडे करून अर्धीच द्यायला लागलो.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. हात धुतले, बाबांजवळ बसल्या, म्हणाल्या, "आज तुम्ही माझ्याकडे कूस नाही वळवलीत, बाबा." मग गोळ्यांची पट्टी मागवली. मोजली. मला खुणेनं ओट्यावर बोलावलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखर हळू झाला. मागांच्या गल्लीतली बाई हळू बोलायला लागली की भीती वाटते.

"गोळ्या उरतात कशा, दादा?"

मी सांगितलं. म्हटलं, "त्यांना सवय लागेल हो."

त्या म्हणाल्या, "एकीकडे मला विचारता, चार दिवस तरी आहेत का. दुसरीकडे म्हणता, सवय लागेल. दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवा ना."

त्यांनी मला रागावून सोडलं नाही, एवढी मोठी गोष्ट. तिथेच ओट्यावर बसल्या आणि मला समजावलं, की मोजून दिलेल्या डोसानं असल्या दुखण्यात माणूस व्यसनी होत नाही, पोट मात्र बांधतं, म्हणून त्या दर वेळी पोटाचं विचारतात. आणि मग, मी न विचारता, माझ्या प्रश्नाला पहिल्यांदा हात घातला.

"माझ्याकडे एक आजी होत्या, अकरा दिवस. एक मास्तर होते, दीड वर्ष. एक काकू तर इतक्या सुधारल्या की आम्हीच म्हटलं, आता आम्ही येत नाही, लागलं तर फोन करा. तिघांच्या घरी पहिल्या दिवशी तुमचाच प्रश्न होता. आणि तिघांच्या घरी मी खोटं बोलले असते, जर आकडा सांगितला असता. लोक आम्हाला बोलावतात कधी माहितेय? श्वास लागला की. मग तीन दिवसांत मी काय करू? नुसती ओळख होते. तुम्ही त्या मानानं वेळेत बोलावलंत, दादा."

मला बरं वाटलं. वेळेत बोलावलं होतं खरं तर डॉक्टरांनी, पण मी काही त्यांना दुरुस्त केलं नाही.

"तरी लग्नाचं..." मी म्हटलं.

"लग्नाचं मला का विचारता? ज्यांची नात आहे त्यांना विचारा."

"त्यांना कसं विचारणार? त्यांना माहीत नाही काही."

सिस्टर उठल्या. "आधी पूर्ण गोळी द्या. मग मी बसते बाजूला. तुम्ही विचारा."

आयुष्यात मी गाड्या भरून देण्याचा धंदा केला. तीस टनांचा कंटेनर अडकला तरी माझं बोलणं कधी अडलं नाही. त्या दिवशी अडलं. बाबांना पूर्ण गोळी देऊन तासभर झाला होता आणि ते उशीला टेकून बसले होते. मी सुरुवात केली, "बाबा, तुमचा तो वात..."

"कंचा वात?" बाबा म्हणाले. "मना सगला ठाव हाय. तुमी पडद्यामागं बोलतांव, मी काय भैरा हाय?"

आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. बाबांनी सिस्टरांकडे बोट केलं आणि मला विचारलं, "हिला पॅलेटवाली कशाला बोलतांव?"

मी म्हटलं, "ते नामाकाकांचं आपलं... चुकून."

"चुकून कसा? पॅलेट कशाला असतं? मालाला वल लागू नये म्हनून खाली घालतान. माल किती दिस गोदामात ऱ्हाईल, ता त्या पॅलेटला ठाव नसतं. हिला कशाला इचारतंस रोज?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. सिस्टरांनी त्यांच्या पाठीमागे उशी सारखी केली आणि म्हणाल्या, "बाबा, मी तेवीस वर्षं हे काम करतेय. माझं काम कुणी इतकं बरोबर सांगितलं नव्हतं." आणि त्या हसल्या, पण डोळे पुसायला त्यांना ओढणी लागली.

मग मी लग्नाचं विचारलं. बाबांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "लगीन कवा बी करा. पन प्राजूला पयली हलद मी लावीन." सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आज हात उचलतोय. उद्याचा शब्द मी देत नाही. लांबवलं नाहीत तर बरं."

लग्न मार्गशीर्षात आलं. बाबांचा आजार म्हणून मी ठरवलं, हळदीला डीजे नको. आमच्या आगरी हळदीला डीजे नाही म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. बाबांच्या कानावर गेलं. "डीजे न्हाय? मंग हलद हाय का मयत?" सिस्टरांनी तोडगा काढला, स्पीकरची तोंडं खाडीकडे करा. त्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या लोकांनी आमच्यापेक्षा जास्त हळद ऐकली असेल.

सिस्टरांची त्या दिवशी सुट्टी होती. तरी दुपारी आल्या. गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून पुढे-मागे केली, म्हणजे मुहूर्ताला दुखणारही नाही आणि गुंगीही राहणार नाही. धवलारीण लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणायला बसली, बायका पाठोपाठ गायला लागल्या, आणि बाबांना खुर्चीत बसवून मांडवात आणलं. नवा सदरा, टोपी, चारी बाजूंनी उशा. प्राजू पाटावर बसली. बाबांनी वाटीत बोटं बुडवली. आणि हात वर येईना.

सगळा मांडव बघत होता. मी पुढे जाणार, एवढ्यात खुर्चीमागून सिस्टरांचा हात आला आणि बाबांच्या कोपराखाली टेकला. वर ढकलला नाही, नुसता टेकला. बाबांचा हात सावकाश प्राजूच्या गालापर्यंत गेला. एका गालाला लावली, दुसऱ्या गालाला लावली, कपाळाला लावली. मग उरलेली हळद त्यांनी तशीच मागे वळून सिस्टरांच्या गालाला फासली. बायकांनी असा गिल्ला केला की स्पीकर खाडीकडे वळवले होते ते बरं झालं असं वाटलं.

हळद लावतानाचा तो फोटो आमच्या पुढच्या खोलीत आहे. त्यात सिस्टर दिसत नाहीत. नीट पाहिलं तर बाबांच्या कोपराखाली चार बोटं दिसतात.

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. नामाकाकांनी तसं मनाशी धरलंही होतं. पण बाबा त्यानंतर जेवायला लागले. पौषात ओट्यावर येऊन बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर वाचायला लागले. सिस्टरांनी आठवड्यातल्या दोन फेऱ्यांची एक केली, मग पंधरा दिवसांनी एक. मी घाबरून विचारलं, "काय झालं? आमचं काही चुकलं का?" त्या म्हणाल्या, "बाबा बरे आहेत, हे चुकलं. तुमच्यापेक्षा मला दुसरीकडे जास्त काम आहे." फोन मात्र कधीही करा म्हणाल्या, आणि मी तो कधीही केला. एकदा तर बाबांना उचकी लागली म्हणून केला. पलीकडून शांतपणे विचारणा झाली, "पाणी पाजलंत?" नव्हतं पाजलं.

वैशाख आला. प्राजूची मूळ ठरलेली तारीख आली. त्या दिवशी सकाळी बाबांनी आरसा मागवला, टोपी घातली आणि मला हाक मारली. म्हणाले, "जन्या, आज प्राजूचा लगीन व्हता ना? मना कोनी बोलावला न्हाय." आणि असे हसले की खोकला आवरेना. आम्ही घाईघाईत लग्न उरकलं, मांडव लहान घातला, सुरतेची मावशी यायची राहिली, याचा हिशेब नामाकाका रोज मांडत होते. त्या सकाळी तेही हसले. सिस्टरांना मी फोनवर हे सांगितलं तर त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं, आणि दुसऱ्यांदा फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकवलं.

त्यानंतर बाबा उतरत गेले. खाणं सुटलं, बोलणं कमी झालं, झोप वाढली. सिस्टर आता एक दिवसाआड यायला लागल्या. या वेळी त्यांनी काहीही लपवलं नाही. श्वास कसा बदलेल, हातपाय कसे गार पडतील, घशात घरघर होईल तेव्हा आपण घाबरतो पण त्यांना ती कळत नसते, सगळं आईला आणि मला जवळ बसवून सांगितलं. मी "किती दिवस" विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं म्हणा, किंवा गरज उरली नाही म्हणा. रोज त्यांना पुसायचं, कूस वळवायची, ओठ ओले करायचे, आई सांगेल ती जुनी गोष्ट ऐकायची, यात दिवस पुरत नव्हता.

एका सकाळी सिस्टर बाबांच्या उशाशी बराच वेळ बसल्या. मग बाहेर आल्या. मी ऑफिसला निघालो होतो, पायात बूट होते. त्या म्हणाल्या, "दादा, आज कामावर जाऊ नका."

एवढंच. सहा महिने मी ज्या उत्तरासाठी त्यांच्या मागे लागलो होतो, ते त्यांनी दिलं, आणि ते किती सोपं होतं. मी बूट काढले. प्राजूला बोलावून घेतलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला बाबा गेले. एक हात आईच्या हातात, एक प्राजूच्या. मी पायाशी होतो, पण या वेळी त्यांनी मला बघितलं होतं. सकाळी पाणी पाजताना मला म्हणाले होते, "तू बस." हे त्यांचे माझ्याशी शेवटचे शब्द. माझ्यासारख्याला एवढे पुष्कळ झाले.

मला वाटलं, आता सिस्टरांचं काम संपलं. तेराव्यानंतर त्या पुन्हा आल्या तेव्हा भाड्याची हवेची गादी परत करा, हे सांगायला आल्या असतील म्हणून मी ती घडी करून ठेवली. त्यांनी गादीकडे बघितलंही नाही. हात धुतले आणि आईजवळ जाऊन बसल्या. मी म्हटलं, "सिस्टर, आता कोण आजारी आहे?" त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी माझ्या अजून दोन-तीन फेऱ्या आहेत, दादा. पेशंट गेला म्हणून घर थोडंच गेलं?"

आई तोवर फारशी रडली नव्हती, फारशी बोललीही नव्हती. सिस्टरांशी बोलली. काय बोलली ते मला माहीत नाही. मला चहाला पाठवलं होतं.

त्यांची शेवटची फेरी ज्येष्ठात झाली. "आता मी ड्युटीवर येणार नाही, आई," त्या म्हणाल्या. आई उठून आत गेली. पावसाच्या तोंडावर आमच्याकडे सुकी मासळी भरून ठेवतात, तशी तिनंही भरली होती. सवयीनं दोघांची भरली होती. त्यातली अर्धी तिनं वेगळी काढली. जवळा, बोंबील, थोडी वाकटी. सगळं वर्तमानपत्रात, मग पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत बांधून आणलं. सिस्टर अवघडल्या. त्यांच्या संस्थेत पेशंटच्या घरचं काही घ्यायचं नाही असा नियम.

"बाय, ह्यांच्या वाट्याचा हाय," आई म्हणाली. "चार म्हयनं पुरंल."

सिस्टरांनी पिशवीकडे पाहिलं, मग आईकडे. पिशवी दोन्ही हातांनी घेतली. औषधांच्या बॅगेत ती मावेना, म्हणून स्कूटरच्या हुकाला लावली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कंटेनर आडवा उभा होता. त्याच्या बाजूनं त्या वाट काढत गेल्या. आई फाटकाशी उभी राहून ओरडली, "उन्हात घाल गं एक दिस, मंग डब्यात भर!" सिस्टरांनी मागे न बघता हात वर केला. आणि स्कूटर निजामपुऱ्याच्या रस्त्याला लागली.